विजयश्रीबाईंची गाडीतली फेरी

गणराज ढमाले चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार नटबोल्टापासून उभी केली. गाडी देखणी झाली, फक्त जमिनीला टेकायची तेवढी बाकी होती. ते आणि बायको विजयश्रीबाई अशी दोघं बसली की रावेतच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर ती खालून घासायची. गॅरेजवाला म्हणाला, "काका, स्प्रिंगा बदलून दोन बोटं वर उचलू." गणराजांनी रिजेक्ट मालाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "कंपनीच्या मूळ ड्रॉइंगमध्ये नाही," एवढंच बोलले.

मग वजन विजयश्रीबाईंनीच कमी केलं. स्पीडब्रेकर आला की त्या उतरायच्या, गाडी पलीकडे जायची, त्या चालत जाऊन पुन्हा बसायच्या. आपल्याकडे स्पीडब्रेकरांना तोटा नाही. पुढे पुढे त्या दोन-तीन स्पीडब्रेकर पायीच उरकून मग बसू लागल्या. गाडी मागून हळूहळू यायची. एकदा एका भल्या माणसानं स्कूटर थांबवून सांगितलं, "वहिनी, राग सोडा, बसा गाडीत."

दिवाळीनंतर त्यांची वाढलेली शुगर खाली आली. डॉक्टर खूश झाले. "रोज किती चालता?"

"चालते कुठं," विजयश्रीबाई म्हणाल्या. "आम्ही गाडीनं फिरतो."