प्युटरच्या टेबलावरची संजीवनी

उल्हासनगरच्या एका कारखान्यात संजीवनी चौदा वर्षं प्युटरच्या टेबलावर बसत होती. प्युटर म्हणजे मुख्यतः कथील असलेला मिश्रधातू. दिसायला चांदीसारखं, पण मऊ आणि चटकन वितळणारं. त्याच्या वाट्या ती लाकडी हातोडीने अशा घडवायची, की ठोका कुठे पडला ते बोटालाही कळू नये.

तिचं मन मात्र पलीकडच्या खोलीत, चांदीत होतं. तिथे तिला मनाई होती. प्युटरचा कण चांदीला चिकटला आणि वर बर्नर लागला, की तो चांदीला भोक पाडतो. म्हणून तिच्या कानशी वेगळ्या, हातोड्या वेगळ्या. आणि पाण्याचा पेलाही वेगळा.

हेंद्रेपाड्याच्या घरी हे ऐकून तिची आई कौसाबाई जेवता जेवता थांबली. "कानशीचं समजलं गं. पेल्यानं चांदीला काय होतं?"

संजीवनीने तिच्या ताटात आमटी वाढली.

चांदी घडवणारे म्हातारे जनूकाका नजर कमी झाली म्हणून गावी गेले, तेव्हा तिने धीर करून शेठला विचारलं. शेठ जरा घुटमळला, मग म्हणाला, "एक वाटी बनाव. देखेंगे."

ती डोक्यावरून न्हाली, धुतलेली साडी नेसली, केस फडक्यात बांधले. कोऱ्या कानशी घेऊन तीन दिवस चांदीला बसली. वाटी झाली. शेठने ती उजेडाला धरून चारही बाजूंनी पाहिली. भोक सोडा, साधा ओरखडा नव्हता.

"एक नंबर!" तो म्हणाला. ती हसली. तेवढ्यात तो पुढे बोलला, "पण तू इकडे आलीस तर प्युटर कोण करणार? तुझ्यासारखा हात दुसरा नाही, संजीवनीबाई. चांदीला मी माणूस बोलावलाय."

दुपारनंतर ती पुन्हा आपल्या टेबलावर जाऊन बसली.

आठवड्याने अल्पेश नावाचा कारागीर आला. चाळिशीचा, स्वभावाने सरळ. दुसऱ्याच दिवशी तो प्युटरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, काठ वळवताना चिरतोय."

"मध्ये मध्ये तापवून नरम करून घ्या. चांदी कडक झाली की चिरणारच."

"आत येऊन दाखवता का जरा?"

तिने हातातली वाटी खाली ठेवली. "शेठना विचारा," ती म्हणाली.

अल्पेशने मान हलवली आणि आत गेला. शेठना त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ठोके ऐकू येऊ लागले. आता चांदी नीट वळत होती, हे तिला नुसत्या आवाजावरून कळलं.