आईंचं प्रस्थान, फ्राउ हान्सेन यांच्या घरी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या किचनमध्ये, बोटीचं बुकिंग अडलं... अमावास्येवर.

झालं असं, की सेकंडहँड घेतलेला आमचा वोनवागन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, पहिल्यांदाच परदेशी निघाला होता. उत्तरेच्या किल बंदरापर्यंत गाडीने जायचं, तिथे सगळ्या लवाजम्यासकट रात्रीच्या बोटीत चढायचं आणि सकाळी स्वीडनमध्ये उतरायचं. नवरा मंदार, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि मी.

हे बुकिंग म्हणजे एक वेगळाच अभ्यास आहे हो! लांबी विचारतात, उंची विचारतात, गॅस सिलिंडर आहे का विचारतात. मंदार पडला ऑटोमोटिव्ह इंजिनियर, त्यामुळे टेप घेऊन रस्त्यावर तासभर रमला.

माझी आयडिया अशी, की आपलंच घर सोबत आहे तर केबिन कशाला? आपल्याच गादीवर झोपू. तर बोट सुटली की गाड्यांच्या डेकवर कुणालाच थांबू देत नाहीत... घर खाली कुलपात आणि आपण वर परक्या बिछान्यात. मला हे भारी वाटलं.

उंच गाड्यांच्या रांगेत एकच जागा उरली होती, येत्या शनिवारची. मंदारच्या फॅक्टरीत बेट्रीब्सउर्लाउब, म्हणजे सगळ्यांना एकदमच सुट्टी, त्यामुळे तारीख हलवायची सोय नाही. शनिवारी बोट पकडायची तर शुक्रवारी घर सोडायला हवं. आईंनी मोबाइलमधलं पंचांग उघडलं... शुक्रवारी अमावास्या.

"तुम्ही जा. मी राहते घरी." आईंनी विषयच संपवला.

मंदारने बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असते वगैरे सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना इथे एकटं ठेवून जाणं शक्यच नव्हतं, म्हणजे सगळी ट्रिपच बोंबलली.

आणि खरं सांगू? मला त्या सोबत हव्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या कशालाच हो म्हणत नव्हत्या. स्वीडनला कशाबशा हो म्हणाल्या होत्या...

चहा झाल्यावर त्याच म्हणाल्या, "अगं, इथून उत्तरेला कुणाचं घर आहे?"

त्यांना प्रस्थान ठेवायचं होतं. निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी थोडं सामान जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरायचं आणि निघताना ते उचलून पुढे जायचं. माहेरी मी हे फक्त ऐकलं होतं, कधी कुणी केलेलं पाहिलं नव्हतं.

मंदारने फोनवर होकायंत्र लावलं. उत्तरेला फ्राउ हान्सेन, म्हणजे शेजारच्या हान्सेनबाई! आमच्या वोनवागनमुळे खिडकीत ऊन येत नाही म्हणून दोनदा बेल वाजवून झापून गेलेल्या आजी. झालं कल्याण...

तरी गेलो आम्ही दोघी. जर्मनमध्ये प्रस्थान समजावताना माझी त्रेधातिरपीट उडाली. एक गाठोडं, बुधवार ते शुक्रवार, चंद्र दिसत नाही म्हणून... बोलता बोलता मलाच ते वेडगळ वाटायला लागलं.

फ्राउ हान्सेन माझ्याकडे नाही, आईंकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "निघताय कधी? शुक्रवारी?" आणि एकदम गंभीर होऊन त्यांनी आम्हाला आत बसवलं.

त्यांचे वडील तिकडे उत्तर किनाऱ्यावर, फ्लेन्सबुर्गजवळ मच्छीमार होते. शुक्रवारी समुद्रावर निघायचं नाही, हा त्यांचा नियम. पण नाइलाज झालाच तर ते गुरुवारी बोट सोडायचे, बंदराच्या तोंडापर्यंत नेऊन तिथे बांधायचे आणि घरी येऊन जेवायचे. प्रवास गुरुवारीच सुरू झालेला असायचा ना!

मी भाषांतर केलं आणि आईंनी चक्क टाळी वाजवली. "अगं, म्हणजे बोटीचं प्रस्थानच की हे!"

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं फ्राउ हान्सेन म्हणाल्या. त्यांना काय कळलं देव जाणे, पण अगदी खात्रीने म्हणाल्या.

मग आई मला म्हणाल्या, "विचार ना त्यांना, वडिलांना भीती नाही वाटायची?"

फ्राउ हान्सेन म्हणाल्या, "रोज वाटायची. आणि रोज जायचे."

परत येताना आईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "मला पाण्याची भीती वाटते गं. अमावास्या आहेच... पण हे गेल्यापासून फिरायला म्हणून कुठे गेलेच नाही मी. जमेल का, तेच कळत नाही."

दारात पोचल्यावर त्याच म्हणाल्या, "मंदारला सांग, कर बुकिंग."

बुधवारी एक साडी, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ एका रुमालात बांधून उत्तरेला रवाना झाले. शुक्रवारी आम्ही निघालो तेव्हा फ्राउ हान्सेन ते गाठोडं दोन्ही हातांत धरून फाटकाशी उभ्या होत्या. आईंच्या हातात दिलं आणि हळूच त्यांच्या गालावर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

बोटीवर आई सकाळी लवकर उठून डेकवर गेल्या आणि किनारा दिसेपर्यंत कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एकट्याच. मंदार सोबत जायला निघाला, तर मी त्याला थांबवलं.

या पद्धतींना मी आजवर नुसतं हसत आले. आता वाटतं, कधीतरी कुणाचातरी पाय असाच उंबऱ्यावर अडला असेल, आणि त्याला घाबरत घाबरत का होईना, पण निघता यावं म्हणून घरच्यांनीच ही सोय करून ठेवली असेल... पुण्यात काय आणि फ्लेन्सबुर्गला काय. थँक यू, फ्राउ हान्सेन. आमच्या आई निघाल्या.