मागचं दार

लिंबायतच्या गॅरेजमधल्या त्या मिस्त्रीचं नाव मला ठाऊक नाही. आमच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नव्हतं. हे उतरून येईपर्यंत मी कोंडल्यासारखी बसून राहायची, पण कधी बोलले नाही.

मिस्त्रीनं लॉकचं बटण दाबत एकेका दाराला कान लावला. तीन दारं खट्ट वाजली, माझं गप्प. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटली होती, ती त्यानं जोडली.

"झालं ना?" ह्यांनी विचारलं.

"थांबा शेठ. रोज बसतो त्यानं उघडून पाहिल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. बसा बेन."

मी बसले. हे सवयीनं दाराशी आले.

"बाजूला व्हा शेठ, तुम्हाला दार लागेल."

मी दार ढकललं. हे दोन पावलं मागे सरकले.