तळहात बघणाऱ्या दमयंतीकाकू

बागेतून निघताना दमयंतीकाकू फाटकापाशी पाहुण्याचे तळहात बघायच्या. आधी पर्स उघडायला लावायच्या, मग एकेक बोट उन्हाकडे धरून काटा रुतलाय का ते तपासायच्या. काही सापडलं नाही की म्हणायच्या, "काही नाही. जा आता." समोरच्याचा अपमान होतोय हे त्यांच्या गावीही नसे.

नव्वदच्या दशकात आम्ही देवळाली कॅम्पात त्यांच्या शेजारी राहायला गेलो. त्यांच्या बंगल्यामागे जुनी, दाट झाडी होती. चैत्रात तिथल्या कोशिंबाला तांबडीलाल पालवी फुटायची. झाडी संपली की दगडांची बाग. काकांनी पेठच्या बाजूने काळे दगड आणून ते स्वतः रचले होते आणि त्यांच्या फटींत निवडुंग लावले होते. मला तिथे हिंडायला फार आवडायचं. काकू मात्र सतत दोन पावलं मागे. "तू पुढे हो. मागे राहणाऱ्याचा मला भरवसा नाही."

मागून नेलेलं रोप जगत नाही, चोरून नेलेलं हमखास जगतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. आपण ती हसत सांगतो, काकूंची तिच्यावर श्रद्धा होती. त्यामुळे त्यांनी कधी कुणाला साधी फांदी दिली नाही आणि येणारा प्रत्येक जण चोरायलाच येतो असं त्या धरून चालल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांनी एका मेजरच्या बायकोच्या ओटीतले हरभरे चाचपून पाहिले. ती बाई पुन्हा फिरकली नाही. "नको येऊ दे," काकू म्हणाल्या, "तिची नजर पिवळ्यावर होती."

पिवळा म्हणजे पिवळ्या फुलांचा निवडुंग, त्या बागेतला सगळ्यात पहिला. मित्राने दिला, असं काकांनी घरी सांगितलं होतं. त्यांच्या बोटातला काटा काढता काढता काकूंनी खरं काय ते ओळखलं. "दिलेला असता तर जगला असता का गं? चोरला होता यांनी." काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी काकूंच्या दिरांनी बंगला विकला. झाडी तोडून, दगड हलवून तिथे इमारत होणार होती. काकू नागपूरला लेकीच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. पिवळा सोबत न्या, असं मी सुचवलं, तर माझ्यावरच उखडल्या. घरचंच झाड चोरायचं कसं?

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावणं धाडलं, येताना मोठी पर्स आण म्हणून. मला संशय आला. जाता जाता आता कसला आळ घेतायत? त्या दिवशी बागेत त्या पहिल्यांदाच माझ्या पुढे चालल्या. दगडांपाशी पोचल्यावर पिवळ्याकडे पाठ करून कोशिंबाकडे बघत उभ्या राहिल्या. मी जागची हलले नाही.

"मी पालवी बघतेय गं," त्या न वळता म्हणाल्या. "किती वेळ बघू?"

मी पदरात धरून पिवळ्याचं एक जाड पान मोडलं आणि पर्समध्ये टाकलं. घाईत अंगठ्यात काटा गेला.

फाटकापाशी त्यांनी नेहमीसारखे माझे हात धरले. बोटं उन्हाकडे वळवली. अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता आणि काटा स्पष्ट दिसत होता. त्यांनी तो नीट पाहिला. मला रडू आवरेना. मग त्यांनी माझी मूठ हळूच मिटली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जा आता."