आत्या आल्याबिगर बारसं न्हाई

नंदिगड्ड्याची रुक्मा एक वर्ष आफ्रिकेत राहून आली. हे वाक्य उलटंसुलटं करून बघा, कुठनंच खरं वाटत नाही. बेळगावच्या पलीकडं पाऊल न टाकलेली, तिशी ओलांडलेली विधवा बाई. ती विमानात बसून झांबियाला गेली आणि ब्याण्णवचं अख्खं साल तिथं काढून परत आली.

झालं होतं असं, की जोयड्यात एका संस्थेची बालवाडी होती, तिथं रुक्मा पोरांना नाचणीची आंबील करून घालायची. अशक्त पोराला घोट घोट पाजणं तिच्या हाताला जमायचं. तिकडं झांबियातही संस्थेचं काम होतं; तिथं दुष्काळ पडला, पोरं सुकायला लागली, संस्थेनं जाणाऱ्या बायका मागितल्या. राहायला-जेवायला मिळंल, पगार नाही. रुक्मा तयार! गावानं तोंडात बोटं घातली. नागू दुकानदार म्हणाला, "फुकट राबायचंच हाय तर माझ्या शेतात ये की गो, विमान तरी वाचंल." रुक्मा खळखळून हसली आणि गेली. तेव्हा ती हसायची.

परत आली ती जानेवारीत. लोंढ्याला गाडीवर तिचा धाकटा भाऊ म्हादू गेला होता. बसमध्ये त्याला दम निघेना.

"अक्का, सिंह बघितलास?"

"व्हय."

"मोठा असतोय?"

"असतोय."

पुढं विचारायला काही उरलंच नाही, मग म्हादू खिडकीबाहेर बघत बसला. घरी आईनं, येसू म्हातारीनं, गळ्यात पडून भोकाड पसरलं. रुक्मा तिच्या पाठीवरनं हात फिरवत उभी राहिली, डोळे कोरडे ठणठणीत. "रडली सुदीक न्हाई बघ," म्हातारी मागनं शेजारणीला म्हणाली, "माझ्या तिरडीम्होरं तरी रडंल का न्हाई, देवाला ठावं."

रुक्माला स्वतःला ते कळत नव्हतं असं नाही. भात खाल्ला की पोट भरायचं, चव लागायची नाही. कुणी गंमत केली की आता हसायचं असतं हे तिला आठवायचं, मग ती हसायची. दुःख होतंय म्हणावं तर तेही नाही. काहीच होत नव्हतं. थंडीच्या दिवसांत ओढ्यात फार वेळ उभं राहिलं की पाय आपले वाटत नाहीत, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं.

आणि घरात एक तीन महिन्यांची पोर होती, म्हादूची आणि त्याच्या बायकोची, मंगलची. लगीन होऊन कितीतरी वर्षं पाळणा हलला नव्हता. उळवीच्या देवाला नवस बोलला तेव्हा कुठं ही झाली. पण पोरीला नाव नव्हतं. कानात नाव घालायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच, ती सातासमुद्रापल्याड. बाराव्या दिवशी म्हादूनं सांगून टाकलं, "अक्का आल्याबिगर बारसं न्हाई." तोवर घरात सगळी पोरीला नुसतं 'बाय' म्हणत होती. आता अक्का आली होती, नवस फेडायची माघातली उळवीची जत्रा तोंडावर होती, आणि अक्का पोरीला हात लावायला तयार नव्हती.

बाय रडली की रुक्माला पाणी आणायचं राहिल्याचं आठवायचं. मंगल मांडीवर द्यायला आली की हिचे हात नेमके ओले. मंगलनं सोसलं, सोसलं, आणि एका दुपारी दोघी अंगणात नाचणी पाखडत बसल्या असताना तिनं तोंड उघडलं.

"वन्सं, माझ्या पोरीत काय खोट हाय काय?"

"न्हाई गं."

"मग घेत का न्हाई तुमी? परवा ताप आला तिला. देवाम्होरं गाऱ्हानं घालायला बसले आनि नावच न्हाई! कुनाला बरं कर म्हनू? उळवीला जाऊन काय सांगू?"

रुक्माचं सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच ती बोलली, बाजारात कांद्याचा भाव सांगावा तशा आवाजात. तिकडं आफ्रिकेत संस्थेच्या केंद्रात बिनआईची पोरं यायची. काही तर तान्ही. नाव विचारलं तर आणणारे मान हलवायचे. तिथली एक म्हातारी सांगायची, असल्या सालात घाई करू नको, पोर ऱ्हातंय का बघू, मग नाव. रुक्माला ते काही पटलं नाही. बिननावाचं पोर बाराव्या दिवसापुढं ठेवतंय कोण? ह्यांना आत्या नसंल, तर आपण होऊ आत्या. मग तिनं एकेकाला मांडीवर घेतलं, कानात कुर्र केलं आणि आपल्याकडची नावं घातली. परशू. काशी. चंद्रा.

"आनि?" मंगलनं विचारलं.

"आनि काय. नावानं हाक मारायची, आंबील पाजायची. मोठी पोरं जगली. ही तिन्ही ऱ्हायली न्हाईत. बिननावाची असती तर पोरं गेली म्हनले असते. आता माझा परशू गेला, माझी काशी गेली, माझी चंद्रा गेली. मला भ्या वाटतंय असंबी न्हवं गं, मला कायच वाटत न्हाई. पन कानाला तोंड न्यायचं म्हटलं की तोंड उघडत न्हाई."

मंगलनं पोरीला पोटाशी घट्ट धरलं. आधी ती भ्याली, खोटं कशाला सांगा. मग भडकली.

"मग जलमभर हिला 'ए बाय' म्हनू? आत्या तुमी. दुसरी कुठनं आनू, रामनगरच्या बाजारातनं?" आणि ती रडायला लागली. "मलाबी भ्या वाटतंय. पन नाव न्हाई म्हनून ती ज्यादा जगनार हाय व्हय?"

रुक्मानं सूप खाली ठेवलं. "ठेव बारसं," ती म्हणाली.

तुळईला पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, आळीतल्या बायका जमल्या. आत्यानं कानात नाव घातलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. नागूची बायको तुळजा तर बाह्या सरसावूनच आली होती. हात कसला, भात झोडायचा दांडका!

रुक्मा पाळण्यात वाकली. सगळ्यांचे हात वर. मंगलनं डोळेच मिटून घेतले. मग पाळण्यातनं बारीक आवाज आला, "कुर्र... यमुना."

यमुना म्हणजे यमाची बहीण. बहिणीच्या घरी तरी त्यानं रीतीनं वागावं.

"कुर्र!" बायका ओरडल्या आणि धडाधड धपाटे बसले. हसणं, ओरडणं, पोरीचं रडणं, एकच गलका. बायका दमून थांबल्या, तरी रुक्मा वाकलेलीच.

"लागलं काय गो?" तुळजा घाबरली.

"न्हाई. मारा आजून."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मारा गं. तिथं नावं घातली तवा पाठीमागं कोन न्हवतं. परशूचं ऱ्हायलंय. काशीचं ऱ्हायलंय. चंद्राचं ऱ्हायलंय."

आता कुणी हसलं नाही. मंगल पुढं झाली. तिनं हात उचलला आणि नणंदेच्या पाठीत धपाटा घातला. "ह्यो परशूचा," ती म्हणाली. दुसरा घातला, "ह्यो काशीचा." तिसरा तुळजानं घातला, चांगला कचकून.

चंद्राचा धपाटा रुक्माला लागला. पाठ दुखली, आणि पाळण्याची दोरी धरून ती तोंड उघडून रडायला लागली.