उपासाचं मीठ

आईला बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. दौंडहून गावी परतताना एसटीत ती म्हणाली, "अळणी खाऊन जगायचं तरी कशाला रं?" लोकांच्या रानात खुरपून, बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि वर मिठाचा खडा, एवढ्यावर तिनं मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. त्या जेवणाची चव तिच्याकडून काढून घेणं माझ्या जिवावर आलं.

मग मी मोबाईलवर शोधलं आणि शिरूरच्या बाजारातून सैंधवाचा पुडा आणला. "हे उपासाचं मीठ. यानं बीपी वाढत नाही."

शेजारची मावशी हसली. "पोरगं बीकॉम झालंय का डॉक्टर?"

"डॉक्टरपरीस कमी हाय व्हय?" आई म्हणाली.

पहिल्या दिवशी तिला आमटी अळणीच लागली. "अजून टाक की," मी म्हणालो, "याचं काही होत नाही." तिनं टाकलं. नोकरीसाठी मी शिक्रापूरला खोली घेऊन राहायचो. दर रविवारी घरी जाताना नवा पुडा न्यायचो. पुडा लवकर संपला की मला बरं वाटायचं, आई पोटभर जेवतेय म्हणून.

दुसऱ्या वर्षी ज्वारीच्या काढणीत तिची उजवी बाजू गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, "मावशी, मीठ कमी केलं होतं ना?"

"साधं बंदच केलं," वाकड्या तोंडानं ती कसंबसं बोलली. "उपासाचं खाते."

"अहो, तेही मीठच. बीपीला दोन्ही सारखंच. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बायाबायांत ऐकलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले आहात. जरा लक्ष ठेवत जा."

मी मान हलवली. मीच सांगितलं होतं, एवढंच बोलायचं होतं. ते त्या दिवशी बोललो नाही, नंतर तिच्यापाशीही नाही. अर्धांग त्या मिठानंच झालं का, हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही. पण भरवशानं तिच्या आमटीत ते टाकायला लावणारा मी होतो.

चार महिन्यांनी ती गेली. त्याआधी एकदा मी बिनमिठाची खिचडी भरवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "तू आणलेलं जरा टाक की."

मी टाकलं नाही. तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं.