बारावर अडकलेली सायकल

आमच्या नवऱ्याला सगळ्यातलं सगळं कळतं. देवळाच्या वाटेवर त्याचं दुकान आहे, तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळा विकतो. पण गावात कुणाचा मोबाईल अडला, टीव्ही रुसला, की बोलावणं यालाच. याचा हात लागल्यावर निम्मी यंत्रं कायमची गप्प होतात, तरी मान तेवढाच. मी इलेक्ट्रिक सायकल घेतली तेव्हा तिच्यावर पहिला बसलाही हाच. "थांब, सेटिंग करून देतो," म्हणाला आणि हँडलवरच्या छोट्या पडद्याची बटणं अर्धा तास दाबत राहिला. मी कौतुकाने चहा ठेवला. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी सोनईच्या एका शाळेत गणित शिकवते. दहावीचा पहिला तास माझा होता, आणि तो मिळायला मला सहा वर्षं पाचवी-सहावीला पाढे म्हणवून घ्यावे लागले होते. शिंगणापूरहून शाळेपर्यंत सहा-सात किलोमीटर, सकाळचा वारा तोंडावर, समोरून भाविकांच्या गाड्या. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही आणि स्वयंपाक उरकल्याशिवाय मला हलता येत नाही. म्हणून सायकल.

पायडल मारताना पंचवीसच्या वेगापर्यंत मोटर मदत करेल, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पण पडद्यावर बाराचा आकडा आला की मोटर हात झटकून मोकळी. मग ते साध्या सायकलीच्या दुप्पट वजनाचं धूड माझं मीच ओढायचं. पहिल्या पंधरा दिवसांत तीन दिवस घंटा झाल्यावर पोचले. मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, आणखी एकदा उशीर झाला तर दहावीचा तास दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

घरी तज्ज्ञ होतेच. नवऱ्याने टायर दाबून पाहिला. "हवा कमी हाय." मी हवा भरली. "ब्रेक घासत आसंल." मी चाक उचलून फिरवलं, ब्रेकची तार सैल केली. "नवी बॅटरी हाय, रुळायला येळ लागतो." शेवटी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "जरा वजनाचं बी बघ." हे म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायची तर आधी श्वास सोडावा लागतो.

राहिली चेन. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी तेलाची बाटली घेऊन बसले, तर सासूबाई धावत आल्या. "शनिवारचं तेल देवाला. चेनीला न्हाई!" दिवसभर बाटल्यांवर बाटल्या विकणाऱ्या घरात चेनीला थेंब मिळेना. मी रविवारी तेल घातलं. सायकल बाराच्या पुढे जाईना.

चौथ्यांदा उशीर झाला त्या दिवशी दहावीच्या वर्गात दुसऱ्या बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या. पोरांनी दाराशी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच वहीत डोकी घातली. मला फार वाईट वाटलं.

मधल्या सुट्टीत मी सायकलीपाशी माहितीपुस्तिका उघडून बसले. दोन बटणं एकदम दाबून धरायची, मग सेटिंग उघडतं, असं लिहिलं होतं. दाबून धरली. पडद्याने चार आकडे मागितले. विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून नंबर नसतो. घरातच कुणीतरी टाकला असेल."

आधी आमच्या लग्नाची तारीख आणि महिना टाकून पाहिला. माझा भाबडेपणा, दुसरं काय. उघडलं नाही. मग त्याचा वाढदिवस. तोही नाही. मग त्याच्या मोटरसायकलचा नंबर टाकला आणि पडदा सुतासारखा सरळ झाला. आत वेगाची मर्यादा लिहिलेली होती. बारा.

महिनाभर मी घामाने भिजून घरी येत होते, आणि हा माणूस टायर दाबून मला हवा कमी असल्याचं सांगत होता. रडू आलं नाही. किळस आली. मी पंचवीस टाकले आणि चार आकडेही बदलले.

संध्याकाळी दुकानापाशी पोचले तेव्हा सासरे पुण्याच्या भाविकांना दुकानामागचं आमचं घर दाखवत होते. चौकट आहे, दार नाही. "कडी न्हाई, कुलूप न्हाई," सासरे छाती फुगवून सांगत होते. "आमच्या गावात कुनी कुनावर आविश्वास दाखवत न्हाई."

"मामा, एक कुलूप होतं," मी म्हणाले. "माझ्या सायकलीला. तुमच्या लेकानं लावलेलं."

नवरा गल्ल्यावरून उठला. "आगं, काळजीपोटी केलं. गाड्या किती जोरात येत्यात रस्त्यानं."

"काळजी होती तर सांगायचं होतं. टायर कशाला दाबत होता?"

त्याने एका माळेची गाठ सोडली आणि परत बांधली. भाविक आमच्या चौकटीचा फोटो काढत होते.

रात्री जेवताना तो समजूत घालू लागला. "जाऊ दे. आता पैला तास न्हाई तुला. मग घाई तरी कशाची?"

मी ताट उचलून उठले.

आता मी सोळा-सतरा मिनिटांत शाळेत पोचते, घंटेच्या आधी. सहावीला पाढे म्हणवून घेते. शेजारच्या वर्गातून दहावीचं गणित ऐकू येतं, आणि त्या बाई चुकल्या तर तेही ऐकू येतं.

घरी सायकल पडवीत उभी असते. नवरा येता-जाता तिची बटणं दाबताना दिसतो. स्वतःचा वाढदिवस टाकून झाला, माझा टाकून झाला, दुकानाच्या फोनचे शेवटचे आकडेही झाले. मी आतून बघत असते. आकडा अवघड नाही. आमच्या लग्नाची तारीख आणि महिना. त्याला अजून सापडलेला नाही.